सढळ हात

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंप्याने समोरच्या बाकावरच्या माणसाला लगेच ओळखलं. मघाशी जिन्याखाली सिगरेट पेटवायला शिंप्यानेच त्याला काडी दिली होती. आता त्याच्या शेजारी त्याची थोरली बहीण मांडीवर रिपोर्ट घेऊन बसली होती. शिंप्याने मान खाली घातली, पण कान काही बंद करता येईनात.

"पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, तू निम्मा झालास. मग रक्ताच्या रिपोर्टात ही सूज अजून कशी दिसते रे?"

"मला काय कळतंय, ताई?"

"वजन उतरलं की तीही उतरेल म्हणाले होते डॉक्टर. फक्त सिगरेट बंद ठेवा म्हणाले."

"बंदच आहे की."

"हो ना, माझी शपथ घेतलीयस. म्हणजे खाण्यातच चुकतंय. तेलाला माझा हात सढळच आहे."

"असेल."

"असेल काय? आहेच! तुझं सुकलेलं तोंड बघवत नाही, मग सोडते सूपवर चमचाभर."

"जाऊ दे ना, ताई."

"जाऊ दे कसं? मागच्या वेळी डॉक्टर तुलाच बोलले. आज मीच सांगते, दोष माझा आहे म्हणून."

"तू कशाला सांगतेस?"

"मग कोण सांगणार? तू?"

शिंप्याने खिशातली काडेपेटी वाजू नये म्हणून मुठीत धरली. आतून पुकारा झाला.

"चल, आपला नंबर आला."

"चल."

"तू आधी बेसिनवर जाऊन नीट चूळ भरून ये. तोवर मी आत बोलते."