ठोका ऐकणारा कान

— नाही नाही, हेडफोन बरोबर बसलाय मॅडम, तेवीस वर्षं घालतोय, लग्नातली अंगठी निघाली पण हा निघाला नाही. आवाज आला की बटण दाबायचं — समजलं, कानतपासणी दरवर्षीचीच आहे. फक्त आधीचे तपासनीस माझ्याकडे तोंड करून बसायचे, तुम्ही पाठ करून बसलात, एवढाच फरक. हं, झालो गप्प. करा सुरू.

— अजून नाही केलं? सावकाश होऊ द्या, मी कुठे पळून चाललोय. आम्ही शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं करतो. ठिणगी जरा लवकर टाकली की ताकद वाढते, म्हणून ती लवकर, अजून लवकर — आणि फारच लवकर पडली की आतून ठोका येतो, डब्यात वाळू हलवल्यासारखा, बारीक. तो ऐकला नाही की पिस्टनला भोक. म्हणाल, त्याला यंत्रं असतील — आहेत ना, पण ठोका म्हणजे काय हे यंत्राला शिकवायला कुणाचा तरी कान लागतो, आणि तो कान माझा. पगार कानाचा, बाकीचा मी फुकट. आणि ज्याचा कान गेला त्याचं काय करतात, ठाऊक आहे? साहेब करतात. वर केबिन, फिरती खुर्ची, दिवसभर बैठका — तिथे ऐकू आलं नाही तरी काही अडत नाही, उलट सोयीचंच. आमचे मोठे साहेब दोन्ही कानांनी ठार बहिरे आहेत, उगाच नाही एवढे वर गेले. बायको म्हणते, व्हा की तुम्हीही साहेब, चारचौघांत सांगायला बरं. पण मला नाही हो जमायचं. त्या इंजिनाच्या खोलीबाहेर मी कोण? कुणी नाही. हं, गप्प.

— कमाल आहे, यंत्र बिघडलंय का तुमचं? नाही? आधीचे तपासनीस देवमाणूस. आवाज सोडला की त्यांची भुवई उडायची, भुवई उडाली की मी दाबायचो — म्हणजे ऐकूही यायचंच, भुवई आपली खात्रीला. लिहू नका हो ते, गप्पा चालल्यात.

खरं तर मला घाई आहे. दुपारी वर चौकशी आहे. मागच्या महिन्यात आमचं नवं कोरं इंजिन शर्यतीत फुटलं, आणि तपासणीच्या कागदावर ‘ठोका नाही’ म्हणून सही माझी. आमच्यात एक नवी इंजिनियर आहे, तिला आम्ही टाचणी म्हणतो, टाचणी पडली तरी हिला ऐकू येते म्हणून. त्या दिवशी म्हणाली, सर, ठोका येतोय. मी म्हटलं, काल आलेली पोर तू, मला शिकवतेस? आधी स्वतःचे कान तपासून घे — आणि पाठवलं की तिला इकडे. वर साहेबांना लिहूनही दिलं, हिच्या बडबडीने माझं लक्ष उडालं म्हणून. काय करणार, खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं ना. आता तिला माहितीपत्रकं लिहायला बसवलंय. रडली-बिडली नाही, पण जेवणाच्या सुट्टीत येऊन आमच्या दाराशी उभी राहते, आतलं इंजिन ऐकत. मला मान वर करवत नाही मग.

तिचा कागद तुमच्याकडेच असेल ना? — चांगले? दोन्ही कान?

असं.

— बरं, माझं करा आता सुरू. — झालं? कधी झालं? मी गप्प बसलो तेव्हा? दोन्ही वेळा? किती आवाज सोडलेत?

— चोवीस? सगळे बारीकच?

— नको, पुन्हा नको. तुमचं यंत्र ठीक आहे. तुमचं बोलणं कळतं मला, जाड आवाज सगळे येतात, बारीकच तेवढे गेलेत — तीन वर्षं झाली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. भीती वाटते मॅडम, खरं सांगतो. द्या तो कागद. आणि तिचाही द्या, मीच नेतो वर. — तिला विचारल्याशिवाय नाही देता येत? मग तिच्याकडे जाऊन विचारतो, माफीही तिथेच मागतो, एका खेपेत होईल. कुठे सही करू? — इथे? सह्या करायची सवय आहे मला. बघताय काय माझ्याकडे? पुढच्याला बोलवा.