सोल्यूशन वाळेपर्यंत

परदेशातल्या धक्क्यावर, जहाजाच्या रांगेत, मावशींना मागून मराठी ऐकू आलं. मोटरसायकलचं चाक उघडून एक जोडपं बसलं होतं.

“नवी ट्यूब घातलीस, तरी हवा गेली? टायरच्या आतून हात फिरवला होतास?”

“घाईत राहिलं गं.”

“म्हणजे खिळा आतच! दुसरी ट्यूब?”

“हीच शेवटची. ठिगळ लावतो.”

“लवकर लाव. व्हिसा आज संपतोय आणि यानंतर जहाज नाही.”

“सोल्यूशन वाळायला तर हवं... आई गं!”

“काय झालं?”

“हाताला घुसला. रक्त आलं.”

“बरं झालं! अरे, खिळा सापडला म्हणून म्हणतेय. दाखव इकडे.”

मावशी वळल्या.

“वाळू द्या नीट. फाटकावरच्या माणसाला मी बोलण्यात गुंतवते. त्याची भाषा मला येत नाही, तेव्हा वेळ लागेलच.”