टेस्टरचा लाल दिवा

मी देवरीकडच्या जंगलातल्या गावची. लग्न होऊन सडक अर्जुनीला आली तेव्हा सासरी काहीच नव्हतं, म्हणून हायवेवर ट्रकवाले टाकून जात ते डबे, नटबोल्ट, तारा वेचायला लागली, आणि वेचता वेचता कबाडीचं दुकान टाकलं. काय सांगू तुम्हाला, बाई बसली आहे पाहून लोक काट्यातच फसवायला पाहत, म्हणून मी जीभ तेज केली. आता लोक म्हणतात हे बाई भांडकुदळ आहे. आहेच मी भांडकुदळ. लिहा तसंच.

तो डबा मीच आणला. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक म्हातारी सामान विकून राहिली होती, तिच्या नवऱ्याचा गिटारचा ॲम्प्लिफायर होता, आवाज मोठा करायचा डबा, विलायती, जुना, आत काचेच्या नळ्या. मी लोखंडाच्या भावानं मागितला, ती नाही म्हणाली, मी उठून चालायला लागली, फाटकापर्यंत गेली तेव्हा तिनं हाक मारली. मी तो फोडून तांबं काढणार होती. पण सुजाताच्या बापानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याले गिटार जोडून पाहिली, आणि असा आवाज निघाला की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला हातातला टायर सोडून उभा राहिला. मग कायचं तांबं न् कायचं काय.

सुजाताचा बाप आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकात वाजवे. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं नाटक लागते. रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्याच शेतात, स्टेज बांधतात, आणि वादकांसाठी स्टेजसमोर खड्डा खोदतात, मागच्या माणसाले नाटक दिसावं म्हणून. स्टेजची पूजा होते, नारळ फुटते, त्यानंतर कोणी चप्पल घालत नाही. खड्ड्यातही नाही.

डब्याले हात लावला की बोटाले झुणझुणी येई. तो म्हणे, जुना माल आहे, जीव आहे त्याच्यात. मी म्हटलं जीव आहे म्हणजे काय, खोलून पाहा. गोंदियाच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली मीच. त्यानं आत दाखवलं, म्हणाला भाभी, ये बडे कंडेन्सर फूल गये, इनको बदलोगे तो आवाज थोडा बदलेगा, मर्जी तुम्हारी. लेकिन ये छोटावाला, लाइन और बॉडी के बीच में, ये बैठ गया तो पूरा डब्बा करंट मारेगा. ये निकालो, तीन पिन की वायर डालो, आवाज को कुछ नहीं होता.

सुजाताचा बाप मोठे बदलू देईना, त्याले तोच आवाज पाहिजे होता. लहान बदलायले तयार झाला. पण नाटक कंपनीचा मालक, नाव घेत नाही मी त्याचं, तो म्हणे ऐन मंडईत डबा दुकानात पाडता काय, माझं नाटक मुकं करता काय, झुणझुणीनं कोण मेलं आहे, सीझन झाल्यावर करा. मी त्याच्या दारात जाऊन भांडली. बायकांनी यात पडू नये, म्हणाला. आणि माझा माणूस मालकाचं ऐकून राहिला.

मी दुकानात होती, निरोप तिथंच आला. संध्याकाळची वेळ, पूजा झालेली, धूळ बसावी म्हणून खड्ड्यात पाणी शिंपडलेलं. हा अनवाणी उतरला, डबा चालू केला, सूर जुळवायले तारेवर हात ठेवला. बस. आणि नाटक झालं त्या दिवशी, ऐका तुम्ही, माझा माणूस घरी आणला आणि तिकडे नाटक झालं, गिटारशिवाय.

मालकानं सगळीकडे सांगितलं, पिऊन होता, हृदय बंद पडलं. बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस तो, त्यानं दारू कधी तोंडाले लावली नाही. पण कंपनीत पोट होतं सगळ्यांचं, कोणी बोललं नाही.

मग मी डबा कोणाले खोलू दिला नाही. दरवर्षी तो गेला त्या तारखेले लोक फोटोसमोर मेणबत्ती लावतात, मीही लावते, आणि मग डब्याची पिन लावून टेस्टर टेकवते. टेस्टरमधला लाल दिवा पेटते. पाहा म्हणते, दारू नव्हती.

सुजाता मोठी झाली, बापाची गिटार वाजवते, भीमगीतांच्या कार्यक्रमात जाते. ती म्हणे, आई, बदलू दे तो पार्ट, मले बाबाचा आवाज पाहिजे. मी म्हटलं, तो काढला तर माझ्याजवळ काय राहिलं? ती म्हणाली, मी राहिली ना. मी चिडली, जेवली नाही. पोरगी खरं बोलून राहिली होती, म्हणून जास्त चिडली.

यंदा मंडईच्या आधी तो मालकच दुकानात आला. जुन्या आवाजाची आता मागणी आहे म्हणे, डबा भाड्यानं दे. गिऱ्हाईक होते चार, चहावाला होता. म्हणाला, डबा चांगलाच होता बाई, माणूस कच्चा निघाला. मी डबा बाहेर आणला, पिन लावली, जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं. म्हटलं, चांगला आहे ना? चप्पल काढा, हात ठेवा, फुकट घेऊन जा.

तो हसला. मग हसायचा थांबला. खाली पाणी पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. तो गेला, चहा तसाच ठेवून गेला.

मले वाटलं होतं त्या दिवशी पोटभर झोप लागेल. काही नाही लागली. माणूस थोडीच आला परत.

दुसऱ्या दिवशी सुजाताले म्हटलं, ने गोंदियाले. मोठे कंडेन्सर तिनं राहू दिले, लहान काढला, तीन पिनची वायर टाकली. टेस्टर लावून पाहिलं मी, दिवा पेटला नाही. काढलेला पार्ट मिस्त्रीनं माझ्या हातात दिला, चिंचोक्याएवढा. मी आयुष्यभर सगळं तोलूनच घेतलं, म्हणून तोही दुकानाच्या काट्यावर ठेवला. काटा हललाच नाही.

आता ती वाजवते, मी गल्ल्यावर बसून ऐकते. वाजव बाई, खूप वाजव, नाव काढ बापाचं. फक्त स्टेज कोणाचंही असो, पूजा कोणाचीही असो, चप्पल काढू नको.