घरच्यांना विचारायची रीत

आई : त्या खुर्चीवर नका बसू भावजी, तिचा पाय हलतो. घर सुताराचं, पण हे गेल्यापासून वर्षभर तशीच आहे.

घड्याळजी : असू दे, मी कॉटवर बसतो. वहिनी, तुमच्या मुलानं आमच्या लॉजमध्ये अर्ज केलाय. वडिलांसारखं त्यालाही फ्रीमेसन व्हायचंय, आमच्या बंधुमंडळात यायचंय. नवा माणूस घेण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारायची, उत्तरं या कागदावर लिहून न्यायची आमची रीत आहे. घरचे नको म्हणाले, तर अर्ज तिथंच थांबतो.

आई : म्हणजे माझ्या एका शब्दावर आहे.

मुलगा : म्हणून सकाळपासून सांगतोय, नीट बोल.

आई : मी कधी वाकडं बोलले? दर दुसऱ्या गुरुवारी हे कोट चढवून निघायचे. दार लावून करता काय, विचारलं तर म्हणायचे, दगड घासतो. जन्म गेला लाकडात, आणि म्हणे दगड घासतो.

घड्याळजी : खडबडीत दगड म्हणजे आपणच, वहिनी. स्वतःला घासायचं, असा अर्थ आहे.

आई : घरी घासायला काही कमी नव्हतं.

मुलगा : मी वाचलंय ते, काका. दोन महिने वाचनालयात बसलो. मग तुमचं लॉज शोधत फिरलो, तर ते बाबांच्या दुकानामागच्या गल्लीत. दारावर कंपास आणि गुण्या, बाबांच्या पेटीत होते तसेच. शाळेत जाताना रोज तिथूनच जायचो.

आई : पंचेचाळिसाव्या वर्षी दिसलं.

मुलगा : काका, एक विचारायचंय. तुमच्यात मतदानात एक काळी गोटी पडली की माणूस बाद होतो, असं वाचलं. बाबांनी मला कधी 'चल' म्हटलं नाही. मी त्यांना लायक वाटत नव्हतो का?

घड्याळजी : अरे, आम्ही कुणालाच 'चल' म्हणत नाही. पोटच्या पोरालाही नाही. ज्याला यायचं त्यानं आपणहून विचारायचं. तू एकवीस वर्षांचा झालास तेव्हापासून तुझे बाबा दरवर्षी म्हणायचे, यंदा विचारेल.

मुलगा : मी विचारलं होतं.

घड्याळजी : त्यांना?

मुलगा : आईला. बाबांसमोर धीर व्हायचा नाही. ती म्हणाली, मी विचारते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, विचारलं. ते म्हणाले, त्याची तेवढी पात्रता नाही, परत विषय काढायचा नाही. त्यानंतर मी दुकान सोडलं, लिफ्टच्या कामाला लागलो, बाहेर खोली घेतली. शेवटी दवाखान्यातसुद्धा आम्ही पाणी हवं का, उशी वर करू का, एवढंच बोललो. ते गेल्यावर आईसाठी परत इथं राहायला आलो.

घड्याळजी : वहिनी, त्यांनी मला असं कधी...

आई : त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलगा : काय?

आई : मी विचारलं नव्हतं. नवरा गेला होता त्या दारामागं, आता पोरगाही जाणार. म्हटलं, एक तरी घरात राहील.

मुलगा : मी राहिलो का घरात?

आई : नाही.

(मुलगा उठून खिडकीशी जातो.)

आई : सगळंच ऐकून घे. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, पोरगा माझ्याबद्दल कधी काही विचारतो का? मी म्हटलं, नाही. इतक्या वर्षांनी दुसरं काय सांगणार होते?

मुलगा : काका, तुमचा कागद पुरा करा.

घड्याळजी : एकच प्रश्न राहिलाय. तो आमच्याकडं आला, की गुरुवारी तुम्ही घरी एकट्या असाल. चालेल का?

आई : हे लग्नाआधीच तुमच्यात शिरलेले, त्यामुळं मला तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा विचारताय.

घड्याळजी : मग काय लिहू?

आई : चालेल म्हणून लिहा. सवय आहे.