तीन प्रती

दादरला पेढ्यांच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात उभी होती.

“तात्या, स्लॅबची मापं माझ्याकडून चुकली, तेव्हा मीच साहेबांना जाऊन सांगितलं होतं. वाटलं, इंटर्नशिप संपली की घरी बसवणार.”

“मग?”

“आज तेच म्हणाले, सोमवारपासून इंजिनीअर म्हणून ये.”

“तोंडी?”

“अहो, मेलवर ऑफर लेटर आलंय. हे बघा.”

“फोनवर दिसतं त्याला पत्र म्हणत नाहीत. प्रिंट काढ. तीन प्रती.”

“तीन कशाला?”

“एक देवापुढे, एक फाइलला.”

“आणि तिसरी?”

“माझ्या खिशात. नातीचं काय झालं, असं विचारतील म्हणून महिनाभर भोईवाड्यातल्या कट्ट्यावर गेलो नाही. आज जातो.”