गाणं संपलं की पेन्सिल खाली

कानाच्या डॉक्टरकडे शिंपी नंबराची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. मोठी चित्रकार, मांडीवर चित्रांची वही. धाकटी तिच्या कानाशी तोंड नेऊन इतक्या मोठ्याने बोलत होती, की सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

“डॉक्टरांना कालचं चित्र दाखव.”

“चित्र कशाला? कान बघतील ना ते!”

“ताई, तुझा नियम काय? एक गाणं, एक चित्र. गाणं संपलं की पेन्सिल खाली.”

“हो. म्हणून तर माझी चित्रं अशी मोकळी असतात. लोकांना तेच आवडतं.”

“मग हे बघ. कागदावर नखाएवढी जागा कोरी नाही. नुसतं काळं.”

“लांबलचक होतं ते गाणं.”

“चार मिनिटांचं होतं. तू पाऊण तास काढत होतीस.”

“काहीतरीच! मला शेवटपर्यंत ऐकू येत होतं.”

“प्लेलिस्टमधलं शेवटचं गाणं होतं, ताई. त्यानंतर काहीच वाजत नव्हतं.”

शिंप्याने उगाच आपल्या कानातला कापूस चाचपला.

“मग तेव्हाच हाक नाही का मारायचीस?”

“मारली ना गं. मागे उभी राहून तीनदा मारली.”