दक्षिणेचं दार

सेरंगूनच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर एक निवृत्तीला आलेलं मराठी जोडपं फोनवर घरं बघत होतं.

"अरुणा, हे बघ. फ्रान्समध्ये, नीसजवळ. दार उघडलं की समोर समुद्र!"

"छानच आहे हो. पण समुद्र कुठे?"

"खाली, रस्त्यापलीकडे."

"दिशा विचारतेय मी."

"दक्षिणेला."

"म्हणजे दारही दक्षिणेला. पुढचं दाखवा."

"अगं, त्या अख्ख्या किनाऱ्यालाच समुद्र दक्षिणेला आहे. त्याला मी काय करू?"

"मग स्पेन बघा. व्हॅलेन्सियाला समुद्र पूर्वेला आहे. मी नकाशात बघून ठेवलंय."

"हे घे व्हॅलेन्सिया. दार पूर्वेला. आता खूश?"

"थांबा, आतला प्लॅन मोठा करा. अगंबाई, ईशान्येला संडास!"

"त्या लोकांना कुठे माहीत असतं गं वास्तुशास्त्र?"

"आपल्याला आहे ना."

"बरं, मग आपल्या इथल्या, बुकित बातोकच्या फ्लॅटचं दार कुठल्या दिशेला आहे?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

"सांग की."

"दक्षिणेला. पण तो आपण दोन वर्षांपुरता म्हणून घेतला होता, म्हणून मी गप्प बसले."

"तेव्हा आपली जाई पहिलीत होती. आता तिचा मुलगा पहिलीत गेला."

"हो. चांगलंच झालं हो सगळं त्या घरात."

"मग आता काय करायचं?"

"ते नीसचं परत काढा. तेही दोन वर्षांपुरतंच घेऊ."